संगमेश्वरनं पुढं केलेला हात

रक्तदाब मोजायच्या आधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवावं लागतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, हात छातीच्या पातळीवर आणि तोंड बंद. पुस्तकात हे सगळं एका ओळीत येतं. आमच्या गावांत ती एक ओळ पार पाडायला सकाळ खर्ची पडायची, कारण आमच्याकडं माणूस गप्प बसला की शेजारचा लगेच विचारतो, "काय झालं? बरं न्हाई का?"

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय समाजसेवक या पदावर आधी नांदेडला आणि नंतर लातूरला, वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली. पदाच्या नावात 'समाजसेवक' असल्यामुळं बऱ्याच जणांना वाटायचं की मी हौसेनं हिंडतो. डॉक्टरकीच्या मुलांना जो विषय सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, त्या विषयाच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, विभागात मी होतो. आमच्या विभागाला वॉर्ड नाही, ऑपरेशन थिएटर नाही. आमची खाट म्हणजे गाव. मी आधी जाऊन सरपंचाला, आशाताईंना भेटायचं, जागा ठरवायची, दवंडी किंवा भोंग्यावरून सांगायची व्यवस्था करायची, आणि ठरलेल्या दिवशी कॉलेजच्या बसमधून पांढऱ्या ऍप्रनमधली मुलं घेऊन उतरायचं. मुलं घरोघर किंवा समाजमंदिरात बसून लोकांचा रक्तदाब बघत. जास्त निघाला की दुसऱ्या दिवशी परत बघायचा, तरीही जास्त असला की दवाखान्याची वाट दाखवायची आणि पुढच्या महिन्यात तो माणूस गोळी खातो का, हे मी जाऊन बघायचं.

मोजणं तसं सोपं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, हवा भरून आतली धमनी दाबून टाकायची, मग हवा हळूहळू सोडत कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा. ठोके ऐकू येईनासे झाले तो खालचा. अवघड पुढचं असतं. ज्याला काहीच दुखत नाही त्याला तू आजारी आहेस म्हणून सांगायचं, आणि रोज गोळी घे, जन्मभर घे, म्हणायचं. नांदेडला एका रिक्षा स्टँडवर आम्ही शिबिर लावलं होतं. एका चालकाचा आकडा फार वर गेला. तो पट्टा सोडता सोडता म्हणाला, "ह्यो माझा न्हाई सर, सासऱ्याचा हाय. आत्ताच त्याच्याशी फोनवर बोललो." सगळा स्टँड हसला, मीही हसलो. तो माणूस त्यानंतर आमच्याकडं कधी आला नाही. पुढं त्याची रिक्षा दुसराच कोणी चालवताना दिसला तेव्हा मी चौकशी केली नाही. उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

अशी माणसं पुष्कळ. पण कुणी मला नोकरीबद्दल विचारलं की मला एकच जण आठवतो, आणि तो रुग्ण म्हणून माझ्याकडं आलाच नव्हता. तो आमच्याच बसमधून उतरला होता.

संगमेश्वर जळकोटचा. वडील तो शाळेत असतानाच गेलेले. आई, महानंदाबाई, ब्लाउज शिवायची. लातूरला शिकवणीसाठी एका खोलीत राहून त्यानं प्रवेश परीक्षा काढली आणि आमच्या कॉलेजात आला. वर्गात तो जपून, पुस्तकी मराठी बोलायचा. गावात उतरला की मात्र त्याची जीभ सैल सुटायची. म्हाताऱ्या बायांना "माय", म्हाताऱ्यांना "अप्पा", "मामा". इतर मुलं प्रश्नावलीतला प्रश्न वाचून दाखवायची, "आपण आहारात मिठाचं प्रमाण किती ठेवता?" हा विचारायचा, "माय, भाकरीसंगं ठेचा किती लागतोय?" आणि खरं उत्तर यालाच मिळायचं. माझ्या मनात होतं, हा पोरगा शिकला की आपल्याच विभागात यावा. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं होतं. तो म्हणाला, "सर, माय म्हणती, सुई टोचणारा डॉक्टर हो. नुसता बोलणारा नको."

तो दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही औशाच्या पुढं, किल्लारीच्या रस्त्यावरच्या एका गावात जायला लागलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव. रस्ते सरळ, घरं एकसारखी, आणि मधोमध समाजमंदिर. तुरी निघून गेल्या होत्या, म्हणजे लोक रिकामे सापडायला हवे होते. पण आम्ही समाजमंदिराच्या ओसरीवर खुर्च्या मांडून बसलो तरी कुणी पुढं येईना. समोर काशिनाथअप्पांचं किराणा दुकान होतं. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला भस्म, अंगात बंडी. गाव त्यांच्या तोंडाकडं बघून चालायचं. अप्पा दुकानातनं उठून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"साहेब, भूकंपानंतर लई लोक आले हितं," ते मला म्हणाले. "कुणी फोटो काढले. कुणी घरातली किती गेली ते लिहून नेलं. कुणी बाटलीत माती भरून नेली. परत कोण आलं न्हाई. आता तुमी पट्ट्यात वारं भरून नेऊ लालात काय?"

माती नेणारे खरोखरच आले होते. तेवढ्यात संगमेश्वर पुढं झाला. "अप्पा, कायबी नेत न्हाई आमी. तुमी नुस्तं बसून बघा. आधी माजं बघतील, मग पटलं तर तुमचं."

त्यानं प्लास्टिकची खुर्ची ओढून रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, ऍप्रनची बाही वर सारली आणि हात पुढं केला. पट्टा बांधायला आयेशा आली. ही त्याच्याच तुकडीतली, नांदेडची मुलगी, फार शिस्तीची. "आयेशा, लई आवळू नको गं, अप्पा घाबरतील," असं तो म्हणाला आणि बायका पदराआड हसल्या. आयेशानं हवा भरली, सोडली. परत भरली, परत सोडली. मग त्याला दुसरा हात पुढं करायला सांगितला. नव्या मुलांना ठोके ऐकू यायला वेळ लागतो, म्हणून मी वाट बघत होतो. तिनं कानातून स्टेथोस्कोप काढला आणि हळूच म्हणाली, "सर, जरा इकडं येता का?"

"तिकडं कशाला?" अप्पा म्हणाले. "आमचा सांगनार तसाच मोट्यानं सांगा की त्याचा."

"सांग ना," संगमेश्वरही म्हणाला. तो अजून हसतच होता.

आयेशानं माझ्याकडं बघितलं. "एकशे नव्वद," ती म्हणाली. "खालचा एकशे वीस."

संगमेश्वर म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. दुसरं यंत्र आणलं. तेच. त्या यंत्रावर आयेशाचा बघितला, माझा बघितला, दोन्ही ठीक. आमच्या मॅडम, म्हणजे विभागातल्या प्राध्यापिका, अंगणवाडीत बसल्या होत्या, त्यांना बोलावलं. त्यांनी स्वतः बघितलं, त्याच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पायावर बोट दाबून बघितलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "चला, आज आवरू या."

गाव बघत उभं होतं. मघाचं हसणं थांबलं होतं. अप्पा दुकानात गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. तो त्यांनी संगमेश्वरच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "आमचं ऱ्हाऊ द्या साहेब. ह्या लेकराला आधी घिऊन जावा."

बसमध्ये तो खिडकीशी बसला. औसा आलं तसा तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "सर, परीक्षेचा अभ्यास चालू हाय. झोप नाही होत. त्यामुळं असंल, नाही का?"

"असंल," मी म्हणालो.

त्यामुळं नव्हतं. लघवीची तपासणी झाली, रक्ताची झाली, सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडं आकसून गेलेली होती. लहानपणी कधीतरी एखादा आजार होऊन गेला असावा, ताप-खोकला म्हणून अंगावर काढलेला, आणि तेव्हापासून ती आतल्या आत झिजत आली असावीत, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. सकाळी डोळे सुजायचे, तेव्हा होस्टेलची मुलं म्हणायची, झोपून घे. डोकं दुखायचं, तेव्हा तो स्वतः म्हणायचा, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं. मळमळायचं, तेव्हा सगळे मिळून मेसच्या आचाऱ्याला नावं ठेवायचे. डॉक्टर होऊ घातलेल्या एवढ्या मुलांच्या मधोमध तो आजारी होता आणि कुणाला कळलं नाही. त्या मुलांना मी दोष देत नाही. रक्तदाबाची रीतच तशी आहे.

"मायला सांगू नका," एवढंच त्यानं सगळ्यांना विनवलं. औषधं सुरू झाली, पथ्य सुरू झालं. पुढच्या महिन्यात किल्लारीच्या रस्त्यावरच्या त्या गावाला जायचं होतं. मी त्याला म्हणालो, तू राहा. तो बसमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

आम्ही उतरलो तर अप्पा दुकानाच्या पायरीवर वाट बघत होते. "पोरा, आज किती हाय तुजा?"

"एकशे पन्नास, अप्पा."

"उतरला म्हणायचा. मग माजा बी बघ." आणि त्यांनी बंडीची बाही वर केली. अप्पांचा एकशे ऐंशीच्या आसपास होता. त्या दिवशी त्या गावात निम्म्याहून जास्त माणसांनी आपणहून हात पुढं केले. आमच्या नोकरीतलं ते मोठंच यश होतं. वरिष्ठांनी कौतुक केलं. मला ते कौतुक अंगाला लावून घेता आलं नाही.

पुढं दोन वर्षं ते दोघं एकमेकांचे आकडे विचारत राहिले. अप्पांनी दुकानातल्या लोणच्याच्या बरणीकडं पाठ करून बसायला सुरुवात केली. "ह्याच्यामुळं माजं लोणचं सुटलं बगा," अशी माझ्याकडं तक्रार करायचे आणि संगमेश्वरसाठी बिनमिठाची भाकरी करून आणायला सुनेला सांगायचे. अप्पांचा रक्तदाब उतरत गेला. संगमेश्वरचं रक्त बिघडत गेलं.

शेवटच्या वर्षाला त्याला डायलिसिसवर घ्यावं लागलं. मूत्रपिंडं थकली की यंत्रातून रक्त फिरवून धुवावं लागतं, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. त्यासाठी हातातली एक शीर आणि धमनी शस्त्रक्रिया करून जोडतात. शीर फुगते, दोरखंडासारखी वर येते आणि तिच्यात रक्त घुसळल्याचा आवाज येत राहतो. त्या हातावर मग पट्टा बांधायचा नसतो. संगमेश्वरनं गावात पहिल्यांदा पुढं केलेला, तोच डावा हात. आता तो बाही वर सारून बायकांना म्हणायचा, "हात लावून बघा माय. मांजर गुरगुरतंय." बायका बोट लावायच्या आणि चटका बसल्यासारखा हात मागं घ्यायच्या. "गोळी न्हाई खाल्ली की असं होतंय," तो सांगायचा. त्यांच्या गोळ्या मग सुटत नसत.

मला ते बघवायचं नाही. एकदा परत येताना मी म्हणालो, "संगमेश्वर, स्वतःला असं दाखवत जाऊ नकोस रे."

"पुस्तकातलं चित्र कुणाला पटतं सर?" तो म्हणाला. मग बाही खाली ओढत म्हणाला, "आणि गोळी न खाल्ल्यानं माझं असं झालेलं न्हाई, हे त्यांना कुठं माहीत हाय?"

डायलिसिस लपवता येत नाही. महानंदाबाई जळकोटहून आल्या. ठेंगणी बाई, जाड भिंगाचा चष्मा, पदराला दोन सुया टोचलेल्या. त्या रडल्या नाहीत. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, आणि किडनी बसवता येते, घरातल्या माणसाची मिळाली तर सगळ्यात बरं, असं म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाई म्हणाल्या, "माजी घ्या." संगमेश्वरच्या मामाचा रक्तगट बघितला, तो जुळला नाही. बाईंचा जुळला. त्या दिवशी त्यांनी आमच्या विभागात येऊन सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

पण किडनी देणाऱ्याचीही पारख होते, आणि ती रक्तदाबापासून सुरू होते. संभाजीनगरच्या ज्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया व्हायची, तिथं पहिल्याच तपासणीत बाईंचा रक्तदाब फार वर निघाला. दवाखान्याला बघून घाबरल्या असतील म्हणून तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, काही आठवडे लातुरात रोज मोजा, मग या. ते मोजण्याचं काम माझ्याकडं आलं.

रोज सकाळी त्या आमच्या विभागात यायच्या. पाठ टेकून बसायच्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की श्वास धरून ठेवला की आकडा उतरतो, म्हणून पट्टा बांधला की त्या श्वास कोंडून धरायच्या. मी म्हणायचो, "ताई, श्वास घ्या." त्या मान हलवायच्या आणि घ्यायच्या नाहीत. गोळ्या वाढवल्या तरी आकडा हटेना. नुकताच चढलेला तो नव्हता. पुढं कळलं, त्यांच्या हृदयाची भिंत जाड झालेली होती, डोळ्यांच्या पडद्यावर खुणा होत्या. कित्येक वर्षं त्या शिलाई मशीनवर वाकून बसल्या होत्या आणि रक्तदाब त्यांना आतून पोखरत होता.

एका सकाळी मी पट्टा सोडला तेव्हा त्यांनी विचारलं, "किती?"

"एकशे ऐंशी."

त्यांनी दाराकडं बघितलं. संगमेश्वर बाहेर बाकावर होता. त्या पुढं झुकल्या. "साहेब, कमी लिवा की."

"ताई, मी कमी लिहून काय होणार? तिथं ते परत मोजणारच."

"मग तितल्या साहेबाला बी सांगा. एकच तर मागू लालेत. दुसरी ऱ्हातीय की मला. पुरली तर पुरली, न्हाई तर न्हाई."

मी त्यांना समजावून सांगू लागलो. एवढ्या रक्तदाबात शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते, राहिलेली किडनीही जाऊ शकते, असं दोन जीव धोक्यात घालून कुठलाच डॉक्टर पुढं जाणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी मापं घेते साहेब. बाई म्हणली, अर्धा इंच ढिलं सोडा, तर सोडते. कपडा तिचा, अंग तिचं. तुमाला माझ्या लेकरासाठी एवढं ढिलं सोडता येईना?"

मी पट्टा गुंडाळत बसलो. तो गुंडाळून झाला तरी पुन्हा उलगडून गुंडाळला. नोकरीभर मला लोकांनी शिव्या दिल्या, कुत्री अंगावर सोडली, पण असं कुणी बोललं नव्हतं. आणि खरा आकडा बदलण्याची सोय असती तर मी त्या क्षणी तो बदलला असता.

संगमेश्वर आत आला. त्यानं दारातून ऐकलं होतं. "माय, चल," एवढंच म्हणाला आणि तिला दंडाला धरून बाहेर नेलं. तिला रिक्षात बसवून तो परत आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"सर, किती गावं फिरलो आपण," तो म्हणाला. "किती बायांचं बघितलं मी. प्रत्येकीला माय म्हणून हात धरला. दिवाळीला घरी जात होतो, तिच्या हातचं खात होतो, ती मशीनवर बसलेली असायची, आणि माझ्या बॅगेत पट्टा असायचा. एकदा बी बांधला न्हाई तिला." त्यानं टेबलावरचा पट्टा सरळ करून ठेवला. "आत्ताची गोष्ट सोडा. तेव्हाच कळलं असतं तर ती तरी नीट राहिली असती."

मी म्हणालो, "कुणीच आपल्या घरचं बघत नाही रे." खरंच होतं ते, पण त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

दवाखान्यानं नकार कळवला. संगमेश्वरचं नाव मरणोत्तर दान केलेल्या किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीत लागलं. म्हणजे कुठंतरी दुसऱ्या एखाद्या घरावर आभाळ कोसळण्याची वाट बघत बसायचं. "आपण कुणाच्या मरणाची वाट बघावी, हे मला जमत न्हाई," असं तो एकदा आयेशाला म्हणाला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. डायलिसिसच्या खुर्चीत बसून त्यानं अभ्यास केला. आयेशा शेजारी स्टूल घेऊन मोठ्यानं वाचायची, हा डोळे मिटून ऐकायचा. शेवटची परीक्षा त्यानं दिली आणि पास झाला. महानंदाबाईंनी त्याला पांढरा सदरा शिवला, डावी बाही मुद्दाम रुंद ठेवून.

इंटर्नशिप सुरू झाल्यावर तो डॉक्टर म्हणून त्या गावात आला तेव्हा अप्पांनी समाजमंदिरात त्याचा सत्कार करायचा घाट घातला. शाल, नारळ आणि गळ्यात झेंडूचा हार. अप्पा भाषणाला उभे राहिले आणि "ह्या लेकरानं..." एवढं बोलून खाली बसले. संगमेश्वर म्हणाला, "अप्पा, बीपी वाढलं असंल तुमचं, थांबा," आणि हार गळ्यात तसाच ठेवून पट्टा बांधायला लागला. त्या दिवशी तो मला बराच थकलेला दिसला. पायांवर सूज होती.

त्या पावसाळ्यात त्याला ताप आला. डायलिसिसवरच्या माणसाला ताप म्हणजे साधी गोष्ट नसते. जंतू रक्तात गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी महानंदाबाईंशेजारी बसून होतो. त्यांच्या मांडीवर कुणाचा तरी हिरवा ब्लाउज होता आणि त्या त्याला हूक लावत होत्या. "लग्नाचं हाय," त्या म्हणाल्या, जणू मी विचारलं होतं. "देते म्हणून कबूल केलंय." दुपारी दार उघडून आयेशा बाहेर आली. तिनं तोंडावरचा मास्क खाली केला आणि दाराशीच उभी राहिली. बाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं. सुई कापडात टोचून ठेवली, ब्लाउजची घडी घातली, ती पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद बांधले. मग त्यांनी जो आवाज काढला, तो मी लिहू शकत नाही.

पुढच्या शिबिराला मी गेलो. न जाण्याची मुभा होती. अप्पांना कळलं होतं. त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, समाजमंदिरात आले आणि पहिल्या खुर्चीत बसून बाही वर केली. नव्या तुकडीतली मुलगी होती, तिला काही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "बाबा, गोळी किती दिवसांपासून घेता?"

"एका पोराच्या नादानं लागली," अप्पा म्हणाले. नंतर दिवसभर त्यांनी दुकानाचं शटर वर केलं नाही.

मी आता निवृत्त आहे. आयेशा दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी डॉक्टर झाली, तिचा अधूनमधून फोन येतो. मी दोन-तीन महिन्यांनी उदगीरहून जळकोटची गाडी धरतो. जाताना यंत्र बरोबर नेतो, गोळ्यांची पाकिटं नेतो. महानंदाबाई अजून शिवतात. माझ्या येण्याचं त्यांना वावडं नाही. "या भाऊ," म्हणतात, मशीनवरचं कापड बाजूला करतात, आणि मी न सांगताच पाठ टेकून बसतात. आता श्वास कोंडून धरत नाहीत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आकडा बघून मी विचारलं, "ताई, गोळ्या घेता ना?"

"न्हाई."

"का?"

"कुनासाठी घिऊ भाऊ?"

मी पट्टा गुंडाळायला घेतला. गोळी नको म्हणणाऱ्या बायका मी आयुष्यभर बघितल्या. नवरा, घर, शेत, देव, कशाचीही शपथ घाला, त्या ऐकत नसत. त्यांच्यासाठी आम्हा सगळ्यांकडं एकच ठेवणीतलं वाक्य होतं, नव्या मुलांना मीच ते शिकवायचो, आणि ते कधी वाया जात नसे: तुमच्यासाठी नको, लेकरासाठी घ्या. त्यांच्या घराच्या ओट्यावर, त्या मशीनसमोर, माझ्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी दुसरं शोधलंच नव्हतं, कारण गरज पडली नव्हती.

मागच्या महिन्यात गेलो होतो. आकडा आणखी वर गेला आहे. मी तो त्यांना सांगितला, आहे तेवढाच. त्यांनी चहा केला, माझ्यापुढं ठेवला, आणि मी चहाला हात लावत नाही हे बघून मशीनच्या खणातून मागच्या खेपेचं पाकीट काढलं. त्यातली एकही गोळी कमी झालेली नव्हती. एक त्यांनी पाकिटातून काढली, जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायल्या आणि रिकाम्या झालेल्या पेल्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "घेतली बगा. आता चहा घ्या तुमी. निवू लालाय."

मी चहा घेतला.